मँगॅनीज डायऑक्साइडला पेरॉक्साइड का म्हणत नाहीत?

प्रश्न

बेरियम पेरॉक्साइड आणि मँगॅनीज डायऑक्साइड या दोन्ही संयुगांत धातूच्या एका अणूमागे ऑक्सिजनचे दोन अणू असतात, तरीही पहिल्याची गणना पेरॉक्साइडांत होते आणि दुसऱ्याची होत नाही. केवळ सूत्र पाहून हा भेद ओळखता येतो का?

प्रतिसाद १

नुसत्या सूत्रावरून येत नाही. ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांशी एकेरी बंधाने जोडलेले असतील, तरच त्या संयुगाला पेरॉक्साइड म्हणतात. बेरियमची संयुजा दोनच असल्यामुळे बेरियम पेरॉक्साइडमधील ऑक्सिजनच्या जोडीवर मिळून दोन ऋण प्रभार येतात, म्हणजे प्रत्येक अणूचा ऑक्सिडीकरण अंक (संयुगात त्या अणूवर मानला जाणारा प्रभार) −१ ठरतो. मँगॅनीज मात्र +४ या अवस्थेत सहज राहू शकते. त्यामुळे तेथे ऑक्सिजनचे अणू सुटे असून प्रत्येकाचा अंक नेहमीप्रमाणे −२ असतो. लेड डायऑक्साइडचेही तसेच आहे.

प्रयोगाने खात्री करायची असेल, तर थंड विरल सल्फ्युरिक आम्ल वापरावे. बेरियम पेरॉक्साइडपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि अविद्राव्य बेरियम सल्फेट गाळून वेगळे करता येते. थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१८ मध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड प्रथम मिळवले, तेही बेरियम पेरॉक्साइडवर आम्लाची क्रिया करूनच. मँगॅनीज डायऑक्साइडपासून ते मिळत नाही; उलट तयार हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये त्याची चिमूटभर पूड टाकली, तर ती उत्प्रेरकाचे काम करून त्याचे पाणी आणि ऑक्सिजन यांत झपाट्याने विघटन घडवते.

प्रतिसाद २

वरील उत्तरात बंधाच्या दुर्बलतेची भर घालावीशी वाटते, कारण या वर्गाचे बहुतेक गुणधर्म तिच्यातूनच येतात. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडण्यास प्रतिमोल सुमारे ३५० किलोज्यूल ऊर्जा लागते, तर पेरॉक्साइडांतील ऑक्सिजन-ऑक्सिजन बंधास साधारण १५० ते २१० किलोज्यूल पुरतात. याचे कारण असे की शेजारी असलेल्या दोन्ही ऑक्सिजन अणूंवरील एकाकी (बंधात भाग न घेणाऱ्या) इलेक्ट्रॉन-जोड्या एकमेकींना दूर लोटत असतात. बेंझॉइल पेरॉक्साइड थोडे तापवताच त्याचे मुक्त मूलकांत (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेल्या क्रियाशील तुकड्यांत) विभाजन होते, म्हणूनच बहुवारिकीकरण, म्हणजे लहान रेणू जोडून लांब साखळ्या बनवण्याची क्रिया, सुरू करण्यासाठी ते वापरतात. हिवतापावरील आर्टेमिसिनिन या औषधाच्या रेणूतही असाच ऑक्सिजनचा पूल आहे आणि परजीवीतील लोहयुक्त हीमशी संबंध येताच तो तुटतो.

प्रतिसाद ३

धोक्याचा उल्लेख राहून गेला आहे. डायएथिल ईथर किंवा टेट्राहायड्रोफ्युरान यांसारखी द्रावके हवा आणि प्रकाश यांच्या संपर्कात दीर्घकाळ राहिल्यास त्यांत आपोआप पेरॉक्साइडे तयार होतात. ती द्रावकापेक्षा कमी बाष्पनशील असल्याने ऊर्ध्वपातनाच्या अखेरीस भांड्याच्या तळाशी साचतात आणि स्फोट होऊ शकतो. त्यामुळे आम्लयुक्त पोटॅशियम आयोडाइडची चाचणी आधी करावी. आयोडीनचा पिवळा किंवा तपकिरी रंग दिसला, तर ऊर्ध्वपातन करू नये. जुन्या बाटलीच्या झाकणापाशी स्फटिक दिसत असतील, तर ती उघडण्याचा विचारही करू नये.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. मग क्रोमियमच्या एका अणूमागे ऑक्सिजनचे पाच अणू असलेले ते निळे संयुग कसे समजावे? प्रत्येक ऑक्सिजनला −२ धरून नेहमीचा हिशोब केला, तर क्रोमियमचा अंक +१० येतो.

प्रतिसाद १ देणारे

क्रोमियमकडे संयुजा-इलेक्ट्रॉन (बंधांत वापरता येणारे बाहेरचे इलेक्ट्रॉन) सहाच आहेत, तेव्हा +१० शक्य नाही. त्या पाचांपैकी चार ऑक्सिजन दोन पेरॉक्साइड-जोड्यांत असून प्रत्येकाचा अंक −१ आहे, उरलेल्या एकाचा −२; म्हणून क्रोमियम +६ वर येते.