मदत हवी आहे : गीझर लावला की लाईट जाते, नवीन कोणता घ्यावा?

कोवळं_ऊन
गीझर लावला की लाईट जाते. वायरमन येऊन गेला, मीटर लावून कॉइल तपासली आणि ठीक आहे म्हणाला. तो गेल्यावर पुन्हा तेच. घरात तान्हं बाळ आहे, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पातेल्यांनी पाणी तापवून वाहून नेताना जीव मेटाकुटीला येतो. नवीनच घ्यायचं ठरत आलंय. कोणता घेऊ आणि किती लिटरचा, एवढंच सांगा. घाई आहे.

दुपारची_गाडी
इन्स्टंट घ्या, ३ किलोवॉटचा. साठवणीचा आता घेऊच नये. बटण दाबलं की पाणी गरम, टाकी तापायची वाट बघायला नको. आमच्याकडे बरीच वर्षं तोच आहे, काही तक्रार नाही.

पक्कड
ताई, घ्यायचं नंतर बघू. लाईट जाते म्हणजे सगळ्या घराची की फक्त बाथरूमची? कोणता खटका खाली पडतो? गीझर लावल्याबरोबर की थोडं तापल्यावर? साठवणीचा आहे का, किती जुना? दोष वायरिंगमध्ये असेल तर नवा गीझर आणूनही हेच होणार.

कोवळं_ऊन
सगळ्या घराची जाते. खटका मोठा आहे तो पडतो. गीझर साठवणीचा आहे, घराच्या आधीच्या मालकांनी सोडलेला, त्यामुळे वय माहीत नाही. पण मला दुरुस्ती नकोच आहे हो, नवीन कोणता ते विचारलंय.

रानवारा
पाणी बोअरचं आहे का? जड पाण्यात गीझरच्या रॉडवर, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉइलवर, क्षारांचा थर बसतो, त्या थरामुळे उष्णता पाण्यात नीट उतरत नाही आणि रॉड आतल्या आत जास्त तापून जातो. टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते, तीही कुणी बदलत नाही. टाकीऐवजी ती गंजते, म्हणून टाकी टिकते. ती संपली की टाकीचा नंबर. माझं मत विचाराल तर गीझर कुठलाही घ्या, आधी घरात पाणी मऊ करायचं यंत्र बसवा.

पक्कड
रानवारा, कांडीचं बरोबर आहे, पण त्याने लाईट जायची थांबणार नाही. ताई, त्या मोठ्या खटक्यावर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं छोटं बटण आहे का?

कडीकोयंडा
म्हणजे आरसीसीबी. ते फार नाजूक असतं, उगाच पडतं. आमच्या वायरमनने ते बाजूला काढून थेट जोडणी करून दिली, तेव्हापासून एकदाही लाईट गेली नाही. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की पडणारा साधा खटका, पडत असेल तर १६ चा काढून ३२ अँपिअरचा टाका. तुमचं काम आजच होईल.

पक्कड
ताई, हा वरचा सल्ला कृपया अजिबात ऐकू नका. कडीकोयंडा, तुम्हीही आजच्या आज ते परत बसवून घ्या. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत येतो की नाही, एवढंच आरसीसीबी बघतं. ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीला तेवढी तफावत दिसली की ते तोडतं. म्हणजे करंट दुसऱ्या कुठल्यातरी वाटेने जमिनीत चाललाय, आणि ती वाट शॉवरखाली ओल्या अंगाने उभ्या असलेल्या माणसातूनही जाऊ शकते. ते सारखं पडतंय याचा अर्थ ते काम करतंय.

आणि ३२ चा एमसीबी? गीझरला साधारण अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असते. तिच्यावर ३२ चा खटका लावला तर खटका पडायच्या आधी भिंतीतली वायर तापेल, आणि ते कुणाला दिसणारही नाही.

कडीकोयंडा
आधी कुठल्या घरात होती ही आरसीसीबी? माणसं आंघोळ करतच होती ना.

गजपट्टी
करत होती, आणि बाथरूममध्ये शॉक लागून जातही होती. यावर वाद नको. धागाकर्त्या ताईंनी बटणाचं सांगावं.

कोवळं_ऊन
हो, आहे बटण. ३० एमए लिहिलंय. गीझर लावला की लगेच नाही, थोड्या वेळाने पडतो. कधीकधी मिक्सर लावला तरी पडतो, पण तो विषय वेगळा, मिक्सर जुना आहे. आता सांगाल का कोणता घेऊ?

पक्कड
मिक्सर लावता तेव्हा गीझरचं बटण चालू असतं की बंद?

कोवळं_ऊन
बंद. म्हणून तर म्हटलं वेगळा विषय. इस्त्री लावल्यावरही पडलाय.

निळी_शाई
मग गीझरचा काही संबंध नाही. मिक्सर आणि इस्त्री दोन्ही झिरपतात, किंवा आरसीसीबीच कमजोर झालंय. ३० चं आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतं. घरातल्या प्रत्येक उपकरणातून थोडी थोडी गळती असतेच, सगळ्यांची बेरीज तिथवर गेली की झालं. आरसीसीबी बदलून बघा.

गजपट्टी
निळी_शाई, बेरजेचा मुद्दा खरा आहे. पण मला इथे एकच दोष दिसतोय आणि तो गीझरमध्येच आहे. ताई, जरा सविस्तर लिहिते, कारण बंद गीझरने लाईट जाऊ शकते हे पटकन कुणाच्या ध्यानात येत नाही.

भिंतीवरचं साधं बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रल गीझरच्या रॉडला जोडलेलाच राहतो. रॉडची बाहेरची नळी धातूची असते, आत तार असते आणि दोन्हींच्या मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली असते. तारेला नळीपासून वेगळं ठेवायचं काम ती पूड करते. नळीला बारीक चीर गेली की पाणी आत शिरतं, पूड ओली होते आणि तारेचा संबंध पाण्याशी, टाकीशी, म्हणजे अर्थिंगशी येतो. गीझर चालू केला की फेजचा करंट तिथून झिरपतो. तापल्यावर चीर उघडत असेल तर थोड्या वेळाने खटका पडतो, हे तुमच्या लक्षणाशी जुळतं.

आता गीझर बंद आहे, पण न्यूट्रल त्याच ओल्या जागेतून अर्थिंगला टेकलेला आहे. तुम्ही इस्त्री लावता, तिचा करंट न्यूट्रलने परत निघतो आणि त्यातला थोडा ही दुसरी वाट धरून अर्थिंगकडे वळतो. आरसीसीबीला तफावत दिसते. पडला खटका! इस्त्री बिचारी चांगली असते. लोक इस्त्री बदलतात, मिक्सर बदलतात, आरसीसीबी बदलतात आणि गीझर तिथेच लटकत राहतो.

निळी_शाई
हे खरं असेल तर वायरमनला कॉइल ठीक कशी दिसली?

गजपट्टी
त्याने दोन टोकांमधला रोध मोजला असणार. २ किलोवॉटच्या रॉडचा रोध २३० व्होल्टच्या हिशोबाने साधारण २६ ओहम येतो. तार तुटलेली नाही एवढंच त्यावरून कळतं. गळती बघायची तर एक टोक आणि अर्थ यांच्यामध्ये मोजावं लागतं, तेही ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे जास्त दाब देऊन गळती तपासणाऱ्या मीटरने. साध्या मल्टिमीटरची बॅटरी इतक्या कमी दाबाची असते की पुष्कळदा त्याला गळती दिसतच नाही.

पक्कड
गजपट्टी यांच्याशी पूर्ण सहमत. ताई, खात्री करणं सोपं आहे. मेन बंद करा, गीझरची पिन सॉकेटमधून पूर्ण उपसा, मेन लावा आणि मिक्सर, इस्त्री नेहमीसारखी वापरा. खटका पडला नाही तर दोष गीझरमध्ये.

कोवळं_ऊन
पिन नाहीये. वायर सरळ बटणाच्या पेटीत जाते.

पक्कड
मग स्वतः हात घालू नका. मेन बंद करून वायरमनकडून फेज आणि न्यूट्रल दोन्ही सोडवून घ्या, टोकांना टेप लावायला सांगा. एकटी फेज सोडली तर चाचणीला काही अर्थ नाही. पुढे बटणही दोन्ही वायरी एकदम तोडणारं, डबल पोलचं बसवून घ्या.

उंबरठा
या सगळ्या कटकटीपेक्षा गॅस गीझर लावा. लाईट गेली तरी पाणी मिळतं.

गजपट्टी
उंबरठा, तान्ह्या बाळाच्या घरात असं एका ओळीत सुचवू नये. गॅस बंद जागेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आत असलेल्याला कळायच्या आत शुद्ध जाते. लावायचाच असेल तर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत. एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून आत चालेल, असंही कुणी समजू नये.

उंबरठा
आमचा बाहेरच आहे. तेवढं लिहायचं राहिलं.

कोवळं_ऊन
वायरमन आला होता. दोन्ही वायरी सोडल्या. तेव्हापासून मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीन सगळं लावलं, एकदाही खटका पडला नाही. म्हणजे गीझरच. गजपट्टी, पक्कड, मनापासून आभार, मी मिक्सरही नवा घेणार होते. आता रॉड बदलू की गीझर? खाली थेंब थेंब पाणीही पडतं अधूनमधून.

पक्कड
थेंब कुठून पडतात त्यावर ठरेल. बाजूच्या छोट्या व्हॉल्व्हमधून आणि फक्त पाणी तापताना पडत असतील तर काळजी नाही. २५ अंशांचं पाणी ६५ वर गेलं की सुमारे पावणेदोन टक्के फुगतं, १५ लिटरच्या टाकीत पाव लिटर जास्तीचं होतं. त्याला बाहेर पडायला वाट लागतेच. तो व्हॉल्व्ह कधीही बंद करू नका. पण बाहेरच्या पत्र्याच्या सांध्यातून पडत असतील किंवा गरम पाणी तांबूस येत असेल तर टाकी गेली. मग रॉडवर पैसे घालू नका.

रानवारा
रॉड बदलला तर मॅग्नेशियमची कांडी, गॅस्केट आणि थर्मोस्टॅट त्याच वेळी बदला. टाकी एकदा उघडलीच आहे तर तळाचा क्षारांचा चुराही काढून घ्या.

दुपारची_गाडी
मी अजूनही म्हणतो, इन्स्टंट.

निळी_शाई
हिशोब करून बघा. ३ किलोवॉटमध्ये पाणी २० अंशांनी तापवायचं तर मिनिटाला साधारण २ लिटरच मिळतं. हात-तोंड धुवायला ठीक. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईंना बसून आंघोळ घालायची तर बादली भरायला किती वेळ लागेल? उलट २ किलोवॉटचा १५ लिटरचा गीझर २५ वरून ६५ अंशांवर वीसेक मिनिटांत जातो, खर्च होते सुमारे ०.७ युनिट. ते पाणी गार पाण्यात मिसळून दोन बादल्यांच्या आसपास होतं. लागोपाठ आंघोळी असतील तर २५ लिटर.

दुपारची_गाडी
आम्ही दोघंच असतो, म्हणून पुरतं. सासूबाईंसाठी साठवणीचाच बरा, हे मान्य.

कोवळं_ऊन
पाणी तांबूस नाही. थेंब व्हॉल्व्हमधूनच आहेत, आता नीट बघितलं. उद्या रॉड काढायला माणूस येतोय.

गजपट्टी
रॉड बाहेर आला की त्या भोकातून टॉर्च मारून टाकीची आतली बाजू बघून घ्या. गंजाचे फोड दिसले तर नवा रॉड बसवू नका. आणि नवा रॉड बसल्यावर टाकी पूर्ण भरून गरम पाण्याच्या नळाला सलग धार आल्याशिवाय गीझर चालू करू देऊ नका, कोरडा रॉड लगेच जातो. शेवटी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून खटका पडतो ना तेही बघा.

कडीकोयंडा
गजपट्टी, आमच्या घरी ते परत बसवायचं तर कुठून सुरुवात करू? गीझर तोच जुना आहे.

गजपट्टी
आत्ताच्या आत्ता गीझर वापरायचा थांबवा. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा, तिथे लिहिते.