दादाचे डोळे कोणाला बसले? आईला काय सांगू?

अमळनेरची लेक
नमस्कार मंडळी. पोळ्याच्या आधी माझा मोठा भाऊ गेला. एसटीत कंडक्टर होता. रात्री छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचायच्या आतच संपलं. नेत्रदानाचा विषय वहिनीनेच काढला, "यांनी मला सांगून ठेवलं होतं" म्हणाली. नेत्रपेढीची दोन मुलं बर्फाचा डबा घेऊन आली. त्यांनी फोनवरच बजावलं होतं, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या, पापण्यांवर ओला कापूस ठेवा. तो कापूस आईने ठेवला. अर्ध्या तासात त्यांचं काम झालं, आणि चेहरा होता तसाच राहिला.

आता आईचं एकच चाललंय, "तेना डोया कोनले बसाडात?" दारावर येणाऱ्या प्रत्येकाला विचारते. माणसाचं नाव-गाव मिळतं का कुठे? एकदा भेटवलं तर तिचा जीव शांत होईल असं वाटतं.

नेत्रपेढीवाला
ताई, नाव मिळणार नाही. देणारा कोण हे घेणाऱ्याला सांगत नाहीत आणि घेणारा कोण हे तुम्हाला. पण सर्टिफिकेटवरचा नंबर देऊन एवढं विचारता येतं की डोळे रोपणाला वापरले गेले का. जरूर विचारा, त्यात संकोच कसला?

आणखी एक आईंना सांगा. अख्खा डोळा कोणाला बसवत नाहीत. बसतो तो कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा काचेसारखा पातळ पडदा. बहुधा दोन डोळे दोघांना जातात. रक्ताच्या तपासणीत काही निघालं किंवा पडदा चांगला नसला तर तो शिकण्या-शिकवण्यासाठी वापरतात. आपल्याकडे पऱ्हाटीची काडी नाहीतर धाटाचं पातं डोळ्याला लागतं, लोक घरगुती औषध घालत बसतात आणि डोळ्यात फूल पडतं. दादांचा कॉर्निया अशाच कोणाच्या कामी आलेला असू शकतो.

तापीकाठची काकू
बाळा, माझा मुलगा हायवेवर गेला. नाशिकच्या दवाखान्यात होता. अंगाला हात लावला तर गरम, छाती वरखाली होतेय, आणि डॉक्टर म्हणतात मेंदू मृत झालाय. कोण विश्वास ठेवेल? चार डॉक्टरांचं पॅनल असतं. ते दोनदा तपासतात, मध्ये सहा तास जाऊ देतात. व्हेंटिलेटर थोडा वेळ काढून बघतात, स्वतःहून श्वास येतो का. मी बाहेर बाकावर बसून म्हणत होते, घे रे, एक तरी घे. दुसऱ्यांदाही नाही आला. मग मिस्टरांनी सही केली. दोन्ही किडन्या आणि लिव्हर दिलं.

लोक म्हणतात, तो कोणात तरी जिवंत आहे. मला हे बोलणं सोसत नाही. किडनी म्हणजे माझा मुलगा नव्हे. तो गेला.

पण फायदा झाला तो वेगळ्याच जागी. दारावर येणारा प्रत्येक जण अपघात कसा झाला तेच विचारायचा. हेल्मेट होतं का, गाडी कोणाची, चूक कोणाची. दिवसभर तेच उगाळायचं. आमचे मिस्टर कोपऱ्यात तोंड मिटून बसायचे. मग कोणीतरी विचारलं, लिव्हर नेलं कसं? त्यावर ते बोलायला लागले. पोलिसांनी रस्ता कसा मोकळा केला, अॅम्ब्युलन्स कशी निघाली, सगळं. अपघाताच्या गोष्टीला पुढचा भाग मिळाला आणि तो सांगायला त्यांना तोंड उघडावं लागलं. दुःख कमी झालं असं मी म्हणणार नाही. घरात आवाज आला, एवढं खरं.

भेटीचं म्हणशील तर मीही आधी कोऑर्डिनेटर बाईंच्या मागे लागले होते. त्यांनी इतकंच सांगितलं, किडनीवाले दोघं बरे आहेत. आता वाटतं, नाव नाही कळलं तेच बरं. मी त्याच्या घरी जाऊन बसले असते. जेवलास का, गोळ्या घेतल्यास का! त्या गोळ्या जन्मभर असतात म्हणे. आणि उद्या त्याचं काही बरंवाईट झालं असतं तर माझं पोर मी पुन्हा एकदा पोचवलं असतं.

निवृत्त गुरुजी, रावेर
आमच्या भाऊबंदकीत अजून "पुढच्या जन्मी आंधळा होईल" चालतंच. वडिलांच्या वेळी मी वाद घातला नाही. गंधमुक्तीला आलेल्यांना स्टीलच्या वाट्या वाटायच्या ऐवजी टेबलावर नेत्रदानाचे फॉर्म ठेवले. काही नातेवाईक वाटीसाठी रुसले ते अजून रुसलेलेच आहेत. असोत. मात्र नुसता फॉर्म भरून भागत नाही, त्या घडीला घरच्यांनाच होकार द्यावा लागतो. म्हणून या पोरीच्या वहिनीचं कौतुक. भरल्या घरात तो विषय काढायला छाती लागते.

अमळनेरची लेक
काकू, तुमचा निरोप मी आईला वाचून दाखवला. किडनीवाल्याला जेवलास का विचारायचं आलं तेव्हा म्हणाली, मीही तेच केलं असतं.

नंबर देऊन विचारलं. दोन्ही वापरले गेलेत. आईने लगेच पुढचं काढलं, बाई का माणूस? तेही सांगत नाहीत म्हटल्यावर जरा चिडली. संध्याकाळी शेजारच्या मावशीला मात्र कॉर्निया म्हणजे काय हे हातवारे करून समजावत होती, अर्धं चुकीचं. आता तिला स्वतःचे द्यायचेत. पण तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, शुगरही आहे. चालतं का?

नेत्रपेढीवाला
दोन्ही चालतं, वयाचीही अट नाही. मोतीबिंदूत बदलतात ती आतली लेन्स, कॉर्निया वेगळा. फक्त वेळ आली की लगेच फोन हवा, सहा तासांच्या आत डोळे काढून व्हायला हवेत, म्हणून नंबर फ्रीजवर चिकटवून ठेवा.