मदत हवी आहे: एफआरपीच्या (फायबरग्लासच्या) मालात बबल येतायत, चेकिंग कसं लावावं?

नमस्कार मंडळी, मी वाळूज एमआयडीसीत एका छोट्या युनिटला सुपरवायझर आहे, हँड ले-अपनं (साच्यात हातानं थर चढवून) टाकीची झाकणं अन पंपाची कव्हरं बनवतो. पॉलिस्टर रेझिन, ४५० जीएसएमची (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) काचेच्या धाग्यांची मॅट, रेझिनमध्ये कोबाल्ट (घट्ट व्हायचा वेग वाढवणारं) आधीच मिसळलेलं, हार्डनर एमईकेपी. सकाळचा माल एकदम भारी निघायलाय पण दुपारच्या मालात बारीक बारीक बबल आन कडेला थर सुटायलेत, अन हे कळतं कधी तर गिऱ्हाईकानं ड्रिल मारल्यावर!

माझा संशय उन्हावरच आहे. पत्र्याखाली रेझिन इतक्या लवकर जेल होतं की रोलरनं हवा काढायच्या आतच घट्ट, त्यात पोरं हार्डनर बाटलीच्या झाकणानं मोजतात, १ टक्का पडला का २ कुणाला पत्ता नाही. वजनकाटा घेऊ म्हणलं तर मालक म्हणतात बघू.

सध्या नाण्यानं ठोकून बघतो, बद्द आवाज आला की पीस बाजूला, पण ग्राइंडर चालू असला की काय ऐकू येतंय डोंबलाचं. बारकोल मीटर (कडकपणा मोजायचं) घ्यावं का? त्यानं वरचा थर कडक झाला का नाही एवढंच कळतं, आतली हवा नाही ना दिसत. दुसरं, कडेचा कापलेला तुकडा भट्टीत जाळून काचेचं वजन काढतात ती टेस्ट संभाजीनगरात कॉलेजच्या लॅबमध्ये करून देतात का, साधारण खर्च किती?

अन दुपारसाठी हार्डनर कमी करावा का कोबाल्ट कमीवालं रेझिन मागवावं? व्हॅक्युम इन्फ्युजन (पंपानं हवा ओढून रेझिन भरायची पद्धत) करा असं कृपया सांगू नका, काट्यालाच पैसे निघंनात.