गव्हाला हार्वेस्टर का हडंबा? भुशाचं कुणी बोलंना!

कॅनॉलकाठ, मोहोळ:
काल इथं एकानं टाकलंय, "अजून रिपरनं गहू कापून हडंब्यावर, म्हणजे मळणी मशीनवर, मळणारे बघितले की हसू येतं, पंजाबचं हार्वेस्टर बोलवा, अर्ध्या तासात एकर साफ." हसू येतं म्हणं. बाबा, तुझ्या दावणीला एक तरी जनावर हाय का? हार्वेस्टर वरनं ओंब्या घेऊन जातं, खाली फूटभर काड तसंच उभं आन मागनं पडतंय ते रानभर विस्कटलेलं. दाणा घरी आला, वैरणीचं काय? माझ्या ४ म्हशी आन खिलारी जोड हाय. हडंब्यावर भुशाचा ढीग एका जागी पडतो, वर ताडपत्री टाकली की झालं.

माढेकर:
ते मीच टाकलेलं, आन परत टाकतो. आमच्या शेजाऱ्यानं कापून पेंढ्या वाळायला ठेवल्या आन तिसऱ्या दिवशी अवकाळी. गहू काळा पडला, व्यापारी पोतं उघडून बघून परत बांधायला लागला. हार्वेस्टरनं सकाळी उभं पीक, संध्याकाळी पोती घरात. भुसा पायजे तर मागनं भुसा मशीन फिरव, उभं काड कापून जाळीच्या ट्रॉलीत भुसा फेकतं, पडलेल्या ओंब्यांचे दाणे पण वेगळे निघतात.

कॅनॉलकाठ, मोहोळ:
भुसा मशीन! आमच्या पंचक्रोशीत एक हाय आन मालक फोन उचलत नाही. दोनदा भाडं, शिवाय मशीन खाली घेतलं की भुशात माती. म्हशीला माती चारू का?

जुना ऑपरेटर:
दोघंबी "हार्वेस्टर हार्वेस्टर" करताय, मशीन कुठलं ते बोला की. प्रीत ९८७, करतार ४००० ही पंजाबातल्या नाभ्याकडची १४ फुटी, आत स्ट्रॉ वॉकर म्हणजे काड हलवून दाणे झाडणारे भाग, काड लांब पडतं, गोळा करायला बरं. क्रॉप टायगर चाकाऐवजी पट्ट्यावालं, ओल्या रानात चालतं पण त्यात काड जास्त तुटतं. आन दुपारच्या कडक उन्हात मळणीचा ड्रम जोरात फिरवला तर कुठलंबी मशीन दाणा फोडणार. तुमचं खरं दुखणं २० गुंठ्याचे तुकडे. १४ फुटी कटर वळवायचा कुठं? बांधावर?

मालदांडी, मंगळवेढा:
सोलापुरात बसून गव्हावर भांडताय, कमाल हाय. २०१६ ला ज्वारीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते कुणाच्या? कडब्यापुढं भुसा म्हणजे जनावराची फसवणूक. पण ज्वारी उपटायला बाया मिळंनात, सगळ्या गावात तीच बोंब.

माढेकर:
मग पेरा की ज्वारी, आमी कुठं अडवलं?

मालदांडी, मंगळवेढा:
उजनीचं पाणी तुमच्या उसाला, सल्ले आमाला. वा!

बार्शीची सून:
"बाया मिळंनात" हे वाक्य दर हंगामाला ऐकते. रोज किती देता ते लिहा की इथं. मी स्वतः उपटलीय ज्वारी, दुसऱ्या दिवशी भाकरी थापता येत नाही, तळहाताला फोड. पुरुष मात्र बांधावर बसून पेंढ्या मोजणार. कडब्याचं कौतुक असेल तर या की एकदा पातीला.

मालदांडी, मंगळवेढा:
ताई, विषय मशीनचा चाललाय.

बार्शीची सून:
विषय तुमीच ज्वारीवर नेला दादा. आन मशीनचं म्हणाल तर आमचा बन्सी गहू हार्वेस्टरनं काढला, आदल्या रानातला लोकवन गहू टाकीत तसाच, सगळं मिसळलं. बियाण्याचं रान मी आता हडंब्यालाच देते, बाकीचं हार्वेस्टरला. काढणीच्या उन्हात १२ माणसांचा स्वयंपाक कमी झाला, ते कुणी हिशोबात धरंना.

माढेकर:
बियाण्याचं मान्य. तेवढंच मान्य.

कॅनॉलकाठ, मोहोळ:
बरं बाबा, हसलास ते हसलास. औंदा २ एकर हार्वेस्टरला देऊन बघतो, २ हडंब्याला. भुसा मशीन माढ्यातनं पाठवतोस का?

माढेकर:
पाठवतो, पण २ एकरासाठी मशीनवाला एवढ्या लांब येणार नाही, १० एकर गोळा कर. शेजाऱ्याला विचार.

कॅनॉलकाठ, मोहोळ:
शेजाऱ्याशी बोलणं बंद हाय. बांधावरनं.

जुना ऑपरेटर:
मी काय म्हणलो होतो?