जळगाव: दोन इमारतींत १०जी (सेकंदाला १० गिगाबिट) नेटवर्क, कमी खर्चात कोणतं हार्डवेअर?

अजिंठा_चौफुली (जळगाव)

राम राम मंडळी. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग आणि अल्बम छपाई, असं काम दोन इमारतींत चालतं. मधलं अंतर धरा १८० मीटर. पहिल्या इमारतीत ४ एडिटिंग मशीन आणि नॅस आहे. नॅस (सगळ्यांच्या फाइल ठेवायचा सामायिक साठा) म्हणजे साध्या टॉवर पीसीवर ट्रूनॅस प्रणाली, ७२०० आरपीएमच्या ४ हार्ड डिस्क, रेडझेड१ (एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो अशी मांडणी). दुसऱ्या इमारतीत छपाईची ३ मशीन, तिथे सध्या वायरलेस लिंक आहे आणि दुपारी ती फार रडते. आतली वायरिंग कॅट५ई, सगळ्यात लांब तार ४० मीटर. स्विच १ गिगाबिटचे.

बजेट ७०,००० रुपये, खोदाई वेगळी. मनात आहे ते असं: ८ एसएफपी+ पोर्टचा (ज्यात १०जीचं मॉड्यूल किंवा केबल बसते) मायक्रोटिक सीआरएस३०९ स्विच, प्रत्येक मशीनला सेकंडहँड इंटेल एक्स५२० कार्ड, जुन्या तारा वापरता याव्यात म्हणून आरजे४५वाली (साध्या नेटवर्क प्लगची) एसएफपी+ मॉड्यूल, आणि दोन इमारतींच्या मध्ये ओएम४ (मल्टीमोड, कमी अंतराचं) फायबर. यात काय चुकतंय, कुठे पैसा वाचेल?

पांझरा_काठ (धुळे)

भाऊ, स्विचच्या आधी डिस्कचा हिशेब करा. ७२०० आरपीएमची एक डिस्क सलग वाचताना सेकंदाला २०० ते २५० एमबी देते. रेडझेड१ मध्ये चारपैकी तीन डिस्कइतकाच डेटा मिळतो, म्हणजे सगळं जुळून आलं तरी ५००-६०० एमबी. १०जी लिंक ११०० एमबीच्या वर नेऊ शकते. चौघं एकदम काम करायला लागले की डिस्कची सुई इकडून तिकडे धावते आणि हा आकडा अजून खाली येतो. प्रत्येक मशीनला १०जी दिलंत तरी मागून तेवढं पाणी येणार नाही.

आता मशीनची गरज बघा. ४के २५ फ्रेमचं प्रोरेस ४२२ एचक्यू (एडिटिंगचा व्हिडिओ फॉरमॅट) सेकंदाला ७३७ मेगाबिट लागतं, साधं ४२२ असेल तर ४९२, प्रॉक्सी (हलकी कामचलाऊ प्रत) १५१. २.५जी लिंकवर खरा वेग २.३५ गिगाबिट मिळतो, म्हणजे एचक्यूचे तीन ट्रॅक एकाच वेळी चालतात. कॅमेऱ्याच्या मूळ एच.२६४ फाइल तर १००-२०० मेगाबिटच्याच असतात.

म्हणून १०जी फक्त दोन जागी द्या: नॅसला आणि दोन इमारतींच्या मधल्या फायबरला. बाकी सगळी मशीन २.५जीवर. २.५जी आणि ५जीचं ८०२.३बीझेड हे मानक २०१६ मध्ये आलं तेच जुनी कॅट५ई उखडावी लागू नये म्हणून. कॅट५ईवर २.५जी पूर्ण १०० मीटर चालतं.

तुमच्या यादीतली आरजे४५ एसएफपी+ मॉड्यूल मात्र सरळ काढून टाका. ती बहुतेक कॅट६ए तारेवर ३० मीटरपर्यंतचीच असतात. कॅट५ई हे १०जीच्या मानकात बसतच नाही आणि तुमची तार ४० मीटर. शिवाय एक मॉड्यूल अडीच वॅटच्या आसपास खातं, ऑप्टिकल मॉड्यूल एक वॅटच्या आत-बाहेर, आणि डॅक केबल (दोन्ही टोकांना मॉड्यूल जोडलेली छोटी तांब्याची केबल) जवळपास काहीच नाही. मायक्रोटिक स्वतःच सांगतं की पंखा नसलेल्या स्विचमध्ये ही मॉड्यूल एक पोर्ट सोडून एक लावा. म्हणजे ८ पोर्टच्या सीआरएस३०९ मध्ये चारच लागणार. त्यात आपल्याकडचा मे महिना.

स्विच म्हणाल तर पहिल्या इमारतीत सीआरएस३१०-८जी+२एस+ पुरेल. ८ पोर्ट २.५जीचे, २ एसएफपी+. एका एसएफपी+ मध्ये डॅकने नॅस, दुसऱ्यात फायबर. दुसऱ्या इमारतीत ३ मशीनसाठी ८ पोर्ट २.५जी आणि १ एसएफपी+ असा बिनव्यवस्थापनाचा चिनी स्विच चालेल, व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्क) नको असेल तर. मशीनला २.५जीचं कार्ड रिअलटेक आरटीएल८१२५ चिपचं घ्या, छोट्या एक्स१ स्लॉटात बसतं. एखाद्या मदरबोर्डवर इंटेल आय२२५-व्ही आधीच असेल तर त्याची आवृत्ती बघा. सुरुवातीच्या चिपमध्ये २.५जीवर पॅकेट गळायचे, तिसऱ्या आवृत्तीत ते सुधारलं.

सातपुडा_फायबर (शहादा)

मी फक्त फायबरचं बोलतो, कारण पैसा वाचवण्याच्या नादात लोक इथेच हात आखडता घेतात आणि पुन्हा खणतात.

ओएम४ नको. ओएम३ वर १०जी ३०० मीटर जातं, ओएम४ वर ४००, म्हणजे तुमच्या १८० ला दोन्ही चालतील हे खरं. पण उद्या २५ किंवा १०० गिगाबिट घ्यायचं झालं तर मल्टीमोडमध्ये अंतराची अडचण येते आणि केबलही महाग पडते. सिंगलमोड (लांब अंतराची) जी.६५२डी फायबर केबल, केबल टीव्ही आणि ब्रॉडबँडवाल्यांमुळे तालुक्याच्या गावातही मिळते, तीच घ्या. ६ कोअर (आतल्या काचेच्या तारा) घ्या, गरज दोनची असली तरी. खोदाईच्या खर्चापुढे जास्तीच्या चार कोअरचा खर्च काहीच नाही.

आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते आणि पावसात फुगते. नुसती केबल पुरली तर ती ताणली जाते. ३२ किंवा ४० मिमीचा एचडीपीई पाइप अडीच-तीन फूट खोल टाका, केबल त्यातून ओढा, दोन्ही टोकांना ८-१० मीटरची वेटोळी ठेवा. ओढताना केबलच्या जाडीच्या २० पटीपेक्षा लहान वळण द्यायचं नाही, बसवल्यावर १० पट चालतं. पाइपची तोंडं बंद करा, नाहीतर उंदीर आत शिरतात. उंदीर-खारींचा त्रास जास्त असेल तर आर्मर्ड केबल घ्या, पण तिचं लोखंडी कवच रॅकपर्यंत आणू नका. इमारतीत शिरतानाच ते कापून अर्थिंगला बांधा. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं. वीज पडली की तांब्याच्या तारेतून तो फरक थेट स्विचवर येतो. फायबरचा हा मोठा फायदा आहे, तो कवचामुळे घालवू नका.

जॉइंट मारायला येणारा माणूस बहुतेक ब्रॉडबँडचं काम करणारा असतो आणि त्याच्या पिशवीत हिरवे एससी/एपीसी पिगटेल (एका टोकाला कनेक्टर असलेले फायबरचे तुकडे) असतात. एसएफपी मॉड्यूलला एलसी/यूपीसी लागतं, निळं. हिरव्याचं टोक ८ अंश तिरकं घासलेलं असतं. निळ्याला हिरवं भिडवलं की मध्ये फट राहते आणि प्रकाश गळतो. बोलावतानाच सांगा: "एलसी यूपीसी पिगटेल, चार नग." त्याच्याकडे हिरवेच असतील तर पॅनेलवर दोन्ही बाजूंनी हिरवं ठेवा आणि पॅनेलपासून स्विचपर्यंत एका टोकाला एससी/एपीसी, दुसऱ्या टोकाला एलसी/यूपीसी अशी पॅचकॉर्ड घ्या. तेही बिनधोक चालतं.

मॉड्यूल १०जी एलआर, १३१० नॅनोमीटर, १० किमीचं, दोन नग. "जवळ आहे, प्रकाश जास्त होईल का?" असं विचारतात. एलआरचा जास्तीत जास्त प्रकाश आणि रिसीव्हरची सहनशक्ती दोन्ही +०.५ डीबीएम आहे, त्यामुळे एक मीटरवरही चालतं. ४० आणि ८० किमीची मॉड्यूल मात्र इथे लावू नका, अटेन्युएटरशिवाय (प्रकाश कमी करणाऱ्या जोडाशिवाय) रिसीव्हर जळू शकतो. एका कोअरवर चालणारी बायडी मॉड्यूल (१२७०/१३३०) ही जोडीने घ्यावी लागतात. दोन्ही सारखी आली तर लिंक उठतच नाही. तुमच्याकडे सहा कोअर असणार, मग बायडीची गरज नाही. आणि जीपॉनचं (घरगुती फायबर ब्रॉडबँडचं) ओएनयू मॉड्यूल दिसायला अगदी असंच असतं, दुकानदाराने ते दिलं तर परत करा.

तोटा किती अपेक्षित? १८० मीटर काचेचा ०.०६ डीबी, दोन जॉइंट मिळून ०.२, दोन कनेक्टर प्रत्येकी ०.५ धरा. एकूण १.३ च्या आसपास. एलआरची मुभा ६.२ डीबी आहे. स्विचच्या डीडीएममध्ये (मॉड्यूलची आतली मोजणी) समोरचा टीएक्स (पाठवलेला प्रकाश) आणि आपला आरएक्स (मिळालेला प्रकाश) यांत ३ डीबीपेक्षा जास्त फरक दिसला तर आधी १.२५ मिमीच्या क्लिनर पेनने टोकं पुसा, मगच जॉइंटवाल्याला फोन करा. कापसाचा तंतू आणि धूळ आपल्याकडे हवेतच असते, टोपणं शेवटच्या क्षणापर्यंत काढू नका. लिंकच उठली नाही तर एका टोकाला एलसीच्या दोन तारा अदलाबदल करून बघा. आणि टोकात डोकावून बघायचं नाही, हा प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करतो.

हतनूर_४६ (भुसावळ)

वरच्या दोघांशी सहमत. कार्डाबद्दल सांगतो, नॅसला एकच लागणार आहे.

सेकंडहँड घ्यायला हरकत नाही. एक्स५२० किंवा मेलानॉक्स कनेक्टएक्स-३, दोन्ही ट्रूनॅसमध्ये चालतात. एक्स५२० ची एक खोड आहे: इंटेलचं नसलेलं ऑप्टिकल मॉड्यूल ते नाकारतं. लिनक्समध्ये ड्रायव्हरला तशी परवानगी द्यावी लागते. पण पॅसिव्ह डॅक मानकाप्रमाणे असेल तर कोणत्याही कंपनीचा घेतं. तुमचा नॅस स्विचशेजारीच असेल तर १ किंवा २ मीटरचा डॅक घ्या, हा प्रश्नच मिटतो.

जाहिरातीतला फोटो नीट बघा. नावात एफएलआर असलेलं एचपीचं कार्ड किंवा डेलचं डॉटर कार्ड स्वस्त दिसतं, पण ते साध्या पीसीआय स्लॉटात बसत नाही. ब्रॅकेट उंच आहे की बुटका, तेही विचारा. कनेक्टएक्स-२ फुकट मिळालं तरी नको. इंटेलच्या नावाने नकली कार्डंही येतात, त्यामुळे गोलाणी मार्केटमध्ये घ्या किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवा, पावती आणि परतीची मुदत लिहून घ्या.

स्लॉटचा फटका सगळ्यात जास्त बसतो. एक्स५२० पीसीआयई २.० चं आहे. मोठा दिसणारा स्लॉट आतून एक्स१ असेल तर ४ गिगाबिटच्या वर जाणार नाही, मग तो स्लॉट ३.० चा असो की ४.० चा. एक्स४ असेल तर एका पोर्टला पुरेसं. मदरबोर्डच्या पुस्तकात बघा, अंदाजाने नको.

ही कार्डं सर्व्हरच्या वाऱ्यासाठी बनलेली आहेत. टॉवरमध्ये हीटसिंकवर ४० मिमीचा पंखा बांधा, नाहीतर दोन-तीन तास मोठी कॉपी चालली की लिंक पडते आणि दोष केबलला दिला जातो. स्विचचा रॅक पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका. साधं मॉड्यूल ७० अंशांपर्यंतचं असतं. बाहेर ४५ असताना बंद लोखंडी डब्यात ते गाठायला वेळ लागत नाही. डीडीएममध्ये तापमानही दिसतं, मे महिन्यात दुपारी ३ वाजता ते बघा. दोन्ही इमारतींतले स्विच यूपीएसवर घ्या.

अजिंठा_चौफुली (जळगाव)

डोक्यातला गोंधळ गेला, आभारी आहे. दोन गोष्टी राहिल्या. एका एडिटरकडे ५-६ कॅमेऱ्यांचं मल्टीकॅम असतं, प्रोरेस एचक्यूमध्ये. त्याला २.५जी कमी पडेल ना? आणि छपाईच्या इमारतीत नवीन तारा टाकायच्या आहेत, दुकानात "कॅट६"चा ३०५ मीटरचा डबा निम्म्या दरात मिळतोय. घेऊ का?

पांझरा_काठ (धुळे)

सहा ट्रॅक म्हणजे ४.४ गिगाबिट, २.५जीत मावणार नाही. पण तुमच्या चार डिस्कसुद्धा तेवढं सलग देतील याची खात्री नाही, कारण सहा फाइल वेगवेगळ्या जागी असतात. आधी प्रॉक्सीवर काम करून बघा, सहा ट्रॅक मिळून ९०० मेगाबिटच होतात. नाहीच जमलं तर नॅसमध्ये चालू कामासाठी एसएसडीचा वेगळा पूल करा आणि मगच त्या मशीनला १०जी द्या. त्यासाठी मधे सीआरएस३०५ हा आणखी एक स्विच आणा. त्याला चारच एसएफपी+ आहेत: नॅस, तो एडिटर, सीआरएस३१० आणि फायबर. चारही भरतात. एडिटर स्विचपासून लांब बसत असेल तर डॅक पुरणार नाही, त्याला सिंगलमोड पॅचकॉर्ड आणि अजून दोन एलआर लावा.

सीआरएसवर राउटरओएस ठेवलंत तर सगळे पोर्ट एकाच ब्रिजमध्ये (पोर्टच्या गटात) ठेवा. या मालिकेत हार्डवेअर ऑफलोड (काम सीपीयूऐवजी स्विचच्या चिपवर) एकाच ब्रिजला मिळतो. दुसरा ब्रिज केला की त्याचा ट्रॅफिक सीपीयूवर येतो आणि वेग कोसळतो. पोर्टच्या यादीत एच अक्षर दिसतंय का ते बघा. नुसतं स्विच म्हणून वापरायचं असेल तर स्विचओएस बूट करा. जंबो फ्रेमच्या (मोठ्या आकाराच्या पॅकेटच्या) मागे लागू नका. एका जागी ९००० आणि दुसऱ्या जागी १५०० राहिलं की पिंग चालतं पण फाइल अडकते.

सातपुडा_फायबर (शहादा)

निम्म्या दराचा डबा म्हणजे बहुधा सीसीए, अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. नको. दुकानातच तपासता येतं. ब्लेडने तार खरवडा, आत पांढरी चकाकी दिसली की झालं. त्याहून पक्कं म्हणजे मल्टीमीटर: डब्यातल्या एका टोकाला एका जोडीच्या दोन तारा पिळून एकत्र करा, दुसऱ्या टोकाला रेझिस्टन्स मोजा. मानक १०० मीटरला एका तारेमागे ९.३८ ओहम आहे, म्हणून पूर्ण ३०५ मीटरच्या डब्यावर ५७ ओहमच्या आत यायला हवं. चांगलं २३ गेजचं तांबं ४०-४५ दाखवतं. ६० च्या वर गेलं तर डबा तिथेच ठेवा.

तारा टाकून झाल्या की प्रत्येक मशीनवरून नॅसकडे आयपर्फ३ (वेग मोजायचा प्रोग्राम) दहा मिनिटं चालवा, दोन्ही दिशांनी. २.५जीवर २.३५ आणि १०जीवर ९.४ गिगाबिट यायला पाहिजे. लिंक १ गिगाबिटवर उतरलेली दिसली किंवा स्विचच्या पोर्टवर एफसीएस एरर (वाटेत बिघडलेले पॅकेट) वाढत असल्या तर त्या तारेची क्रिम्पिंग कापून पुन्हा करा. घन तारेसाठीचेच आरजे४५ प्लग वापरा, बारीक धाग्यांच्या तारेसाठीचे प्लग घन तारेवर काही महिन्यांनी सैल होतात.