मदत हवी आहे: ‘बनगरवाडी’नंतर आईला काय देऊ?

आईने चाळीसेक वर्षांनी पुस्तक हातात धरलंय. सुरुवात व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ने (१९५५). धनगरांच्या वाडीवर आलेला कोवळा मास्तर तिला एवढा आवडलाय की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात, भाताचा गिचका होतो. शेवटी दुष्काळात वाडी उठते, ते मी मुद्दाम सांगितलेलं नाही.

आता पुढे काय? ‘माणदेशी माणसं’ घरात आहे, ‘स्मृतिचित्रे’ मागवलंय. ‘कोसला’ दिलं होतं, वीस पानांत “याचं काय बिनसलंय?” म्हणून परत आलं!

गावाकडचं, साध्या भाषेतलं, शक्यतो दीडशे-दोनशे पानांचं सुचवा. आणि टाइप मोठा असलेली आवृत्ती कुठली, तेही सांगा. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय. तुम्ही सध्या काय वाचताय?