देशी गाजराचे बी घरी धरण्याविषयी

ट्रेमध्ये रोपे वाढवून मग वाफ्यात लावलेल्या गाजरांना फाटे का फुटले आणि गाजराचे बी घरी कसे धरावे, असे सोलापूरकडच्या एकाने विचारले आहे. फाटे फुटण्याचे कारण बहुधा पुनर्लागवडच असावे, कारण सोटमूळ एकदा दुखावले की ते सरळ वाढत नाही. बी जागेवरच, सुमारे 1 सेंटिमीटर खोल पेरावे. सोलापूरकडच्या काळ्या, चिकण जमिनीत वाळू आणि पूर्ण कुजलेले शेणखत (ताजे मुळीच नको) मिसळून उंच गादीवाफा करावा, आणि अंकुर दिसेपर्यंतचे 10-15 दिवस तो ओल्या पोत्याने झाकावा. पेरणी ऑक्टोबरचा उकाडा ओसरल्यावरच करावी.

बी धरण्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. नँटेससारख्या युरोपीय वाणांना फुलोऱ्यासाठी दीर्घ थंडी लागते, आणि तशी थंडी आपल्याकडे पडत नाही. म्हणून बियाण्यासाठी सपाट प्रदेशात फुलणारा लाल देशी वाणच निवडावा. उत्तम गाजरे काढून, त्यांचे खालचे टोक छाटून आणि वर पाल्याचे थोडे देठ राखून ती पुन्हा लावावीत. परागीभवन कीटकांमुळे होत असल्याने जवळपास दुसरा वाण फुलला तर बी शुद्ध राहत नाही. आणि एकाच झाडाचे बी धरणे तर माझ्या मते व्यर्थच, कारण अशा बियांच्या पुढच्या पिढ्या खुरटत जातात.